भाषा स्पॅनिश, अक्षर अरबी: मोरिस्कोंच्या पोथ्यांबद्दल जरा सविस्तर

तुमचा प्रश्न असा होता की सोळाव्या-सतराव्या शतकात युरोपात छापखाने धडाधड चालू असताना धर्मापायी देशोधडीला लागलेली माणसं हाताने का लिहीत बसली, आणि अभ्यासक लोक त्या हस्तलिखितांत त्यांची 'ओळख' शोधतात म्हणजे नक्की काय करतात. आता असे समाज ढिगाने होते, सगळ्यांबद्दल बोलायला गेले तर एकाबद्दलही धड सांगून होणार नाही. म्हणून मी एकच धरते, मोरिस्को. पंचवीसेक वर्षं पोथ्यांच्या सूच्या करतेय, बहुतेक मराठी आणि फारसी, पण मध्ये काही वर्षं या स्पेनच्या कागदांत अडकले आणि खरं सांगायचं तर अजून पुरती सुटले नाहीये.

आधी पार्श्वभूमी, पटकन. १४९२ ला ग्रनादा पडलं, स्पेनमधलं शेवटचं मुसलमान राज्य गेलं. तहात धर्म पाळू देऊ असं लिहून दिलं होतं, ते दहा वर्षंही टिकलं नाही. कास्तील भागात १५०२ पर्यंत आणि आरागॉन-वालेन्सियात १५२६ पर्यंत सगळ्यांना 'बाप्तिस्मा घ्या नाहीतर चालते व्हा' असं झालं आणि चालते होणंही अवघड करून ठेवलं होतं, मुलं मागे ठेवा, अमुक बंदरातूनच जा वगैरे. तर हे नावाने ख्रिस्ती झालेले, त्यांना म्हणायचे मोरिस्को. मागे इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड शोधणारं धर्मन्यायालय, लागलेलं, गोव्यात १५६० ला आलं त्याचंच स्पॅनिश भावंड. आणि एवढं सगळं करून शेवटी १६०९ ते १६१४ मध्ये राजाने हुकूम काढून जवळजवळ तीन लाख लोकांना जहाजांत भरून हाकलून दिलं. ट्युनिस, अल्जियर्स, मोरोक्को, जिथे पोचतील तिथे.

आता पोथ्यांकडे. १८८४ मध्ये आरागॉनमधल्या आल्मोनासिद दे ला सिएरा नावाच्या गावात एक जुनं घर पाडत होते, तर जमिनीखाली दुसरी खोटी जमीन निघाली आणि मधल्या पोकळीत पोथ्या. मजुरांना काय कळणार, त्यांनी त्या ढिगाऱ्यातच टाकल्या, गावातल्या पोरांनी पानं पेटवून शेकोट्या केल्या. एका पाद्रीच्या, फादर फिएर्रोच्या, हे लक्षात आलं म्हणून उरलेल्या वाचल्या, मग सारागोसाचे प्राध्यापक पाब्लो हिल यांनी बऱ्याचशा मिळवल्या आणि आज त्यांतला मोठा भाग माद्रिदमध्ये आहे. म्हणजे बघा, पावणेतीनशे वर्षं त्या पोथ्या अंधारात सुखरूप होत्या, उजेडात आल्या आणि दोन दिवसांत अर्ध्यामुर्ध्या जळाल्या. आमच्या धंद्यातल्या लोकांना हे ऐकून आश्चर्य वाटत नाही, आपल्याकडे वाड्यांच्या माळ्यावरच्या कागदांच्या रुमालांचं काय झालं ते आपण जाणतोच, बंबात गेले.

मी पहिल्यांदा असं एक पान बघितलं तेव्हा फसले होते, ते सांगते. अरबी-फारसी वाचायची सवय होती, पान समोर आलं, अक्षर मगरिबी, म्हणजे उत्तर आफ्रिकेकडच्या वळणाचं, जाड, गोलसर, आणि प्रत्येक अक्षरावर जेर-जबर-पेश, म्हणजे स्वरांच्या खुणा, सगळं ठासून दिलेलं, जसं कुराणात देतात तसं. मी आपली अरबी समजून वाचायला लागले आणि एकही शब्द लागेना! दहा-बारा मिनिटं डोकं खाल्ल्यावर एक शब्द मोठ्याने म्हणून बघितला आणि तो निघाला स्पॅनिश. सगळं पानच स्पॅनिश, आरागॉनच्या बोलीतलं. याला म्हणतात अल्हामिआदो. अरबीत 'अजमी' म्हणजे अरबी नसलेली, परकी भाषा, त्यावरून आलेला शब्द. आपल्यालाच परकं म्हणायचं आणि त्याच नावाने आपली भाषा लिहायची, यातच अर्धी गोष्ट आली.

कसं लिहायचे तेही मजेशीर आहे. अरबीत 'प' नाही. मग हे लोक 'ब' लिहून त्यावर तश्दीद, म्हणजे अक्षर दुहेरी करायची खूण, द्यायचे, म्हणजे आपण 'ब्ब' लिहून 'प' वाचा म्हणावं तसं. 'च' हवा असेल तर 'ज' वर तश्दीद. 'ए' हा स्वर अरबीत नाही, तर जबर आणि पुढे अलिफ. जोडाक्षर तर लिहिताच येत नाही म्हणून मध्ये स्वर घुसवायचा, 'क्रियादोर' म्हणजे निर्माता, त्याचं होतं 'किरियादोर', आणि 'ग्रांदे' चं 'गरांदे'. आपल्याकडे खेड्यातली म्हातारी माणसं 'प्रकाश'चं 'परकास' करतात तसंच. हे इतकं पद्धतशीर आहे की जुनी स्पॅनिश कशी उच्चारायचे हे शोधणारे भाषाशास्त्रज्ञ आज या पोथ्यांवर अवलंबून असतात, कारण लॅटिन अक्षरात लिहिणारा शिकलेला माणूस रूढीप्रमाणे लिहितो, पण हे बिचारे कानाला ऐकू येईल तसं लिहीत होते.

शब्दही बघा. स्पॅनिशमध्ये देवाला 'दिओस' म्हणतात, पण बहुतेक ठिकाणी इथे 'अल्लाह'च असतो. नमाजाला 'असाला', अरबी सलात वरून. आणि 'निर्माण करणे' याचं अरबी क्रियापद उचलून त्याला स्पॅनिश प्रत्यय लावून 'हालेकार' असं नवंच क्रियापद चालवलं. म्हणजे वाक्याचा सांगाडा स्पॅनिश, पण जिथे जिथे धर्माचा विषय येतो तिथे अरबी गाठ मारलेली.

आता एक गैरसमज. तुम्हीही प्रश्नात 'गुप्त लिपी' असा शब्द वापरला होता, आणि बऱ्याच ठिकाणी तसंच लिहिलेलं असतं, की इन्क्विझिशनला कळू नये म्हणून अरबी अक्षरं वापरली. मला हे कधीच पटलं नाही. जरा विचार करा, लपवायचंच असतं तर लॅटिन अक्षरात लिहिणं कितीतरी सुरक्षित, वरवर बघणाऱ्याला कुठलंही घरगुती टिपण वाटलं असतं. उलट अरबी अक्षराचा एक चिटोरा घरात सापडला तरी माणूस आत जायचा, मजकूर काय आहे हे नंतरची गोष्ट. इन्क्विझिशनकडे दुभाषे होते, त्यांना वाचता यायचं. ग्रनादात तर १५६७ च्या फर्मानाने अरबी बोलणं, लिहिणं, अरबी पुस्तक बाळगणं सगळ्यावरच बंदी आली आणि पुढच्याच वर्षी तिथे बंड पेटलं. म्हणजे या अक्षराने त्यांना लपवलं नाही, उघडं पाडलं, आणि तरी ते लिहीत राहिले. हीच गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. (आपल्याकडे महानुभावांची सकळ लिपी आहे, ती खरी सांकेतिक, किल्लीशिवाय उघडत नाही. हे प्रकरण तसलं नाही.)

मग का लिहिलं? कारण भाषा हातातून गेलेली होती. वालेन्सियातल्या मोरिस्कोंना अरबी बोलता येत होतं, म्हणून त्यांच्याकडे अल्हामिआदो फारसं सापडतच नाही, गरजच नव्हती. आरागॉनमध्ये दोन-तीन पिढ्या आधीच अरबी विसरली गेली होती, घरात स्पॅनिश, बाजारात स्पॅनिश, स्वप्नंसुद्धा स्पॅनिशच पडत असणार. उरलं होतं ते अक्षर. कुराण ज्या अक्षरात उतरलं ते अक्षर. भाषा टिकवता आली नाही तर निदान तिचे कपडे तरी.

आणि याची त्यांना स्वतःला पूर्ण जाणीव होती, हे मी आपल्या मनाने म्हणत नाहीये. तोलेदोच्या ग्रंथालयात एक पोथी आहे, १६०६ ची, म्हणजे हकालपट्टीच्या फक्त तीन वर्षं आधीची. अख्खं कुराण, स्पॅनिश भाषांतर, पण उलट प्रकार, लॅटिन अक्षरात. आणि नक्कल करणारा त्यात चक्क माफी मागतो. त्याचं म्हणणं साधारण असं: हे 'ख्रिस्त्यांच्या अक्षरात' लिहिलंय म्हणून कृपा करून कमी लेखू नका, ज्या मुसलमानांना मुसलमानांचं अक्षर वाचता येत नाही पण ख्रिस्त्यांचं येतं त्यांच्या डोळ्यासमोर हे यावं म्हणून लिहिलंय, आणि पैगंबरांनीच म्हटलंय की जी समजते तीच भाषा सगळ्यात चांगली. आपल्या पोथ्यांच्या शेवटी लेखनिक 'यादृशं पुस्तकं दृष्टं तादृशं लिखितं मया' म्हणून हात झटकतो, जसं दिसलं तसं लिहिलं, दोष माझा नाही. हा माणूस मात्र अक्षराबद्दल माफी मागतोय. अभ्यासक 'ओळख' शोधतात म्हणजे काय असं विचारलंत ना, तर हे. मजकूर कुराणाचाच आहे, तो कुठेही मिळेल, त्या माफीच्या चार ओळी मात्र फक्त या एका पोथीत मिळतात.

मजकुराकडे आले. दोनशेच्या आसपास अल्हामिआदो पोथ्या आज शिल्लक आहेत आणि त्या उघडल्यावर आत काय काय निघतं! कुराणातले निवडक भाग, नमाज कसा पढायचा, वारसा कसा वाटायचा, पैगंबरांच्या लढायांच्या सुरस कथा, युसूफची कथा, सिकंदराची कथा, ताप उतरायचे तोडगे, ताईत, मंत्र. सगळं एकाच जिल्दीत, आपल्या जुन्या बाडासारखं. मोठा गहन ग्रंथ क्वचित. १५०४ चा एक फतवाही काही पोथ्यांत सापडतो, उत्तर आफ्रिकेतल्या एका मुफ्तीने स्पेनमधल्या या लोकांना दिलेला, की सक्ती झाली तर वरवर करा, मनात नकार ठेवा, दिवसा नमाज जमला नाही तर रात्री पढा, दारू पाजली तर मनातून नाकारून प्या. तो फतवा साठ वर्षांनी सुद्धा उतरवून घेतला जात होता, म्हणजे तो वापरात होता.

पॅरिसला एका पोथीत तर चक्क पळून जायचा रस्ता लिहून ठेवलाय. स्पेनमधून निघायचं, हाका नावाच्या गावाजवळ कोणी विचारलं तर म्हणायचं कर्ज झालंय म्हणून फ्रान्सला चाललोय, फ्रान्समध्ये विचारलं तर म्हणायचं इटलीतल्या लोरेतोच्या मातेच्या यात्रेला निघालोय, आणि व्हेनिसला पोचलात की पांढरे फेटेवाले बघा, ते तुर्क, पिवळे फेटेवाले ज्यू व्यापारी, त्यांना विचारा, ते पुढचा रस्ता लावून देतील. बाजूच्या पानांवर धार्मिक मजकूर आणि मध्येच हे. असलं पान समोर आलं की मी तरी पाच मिनिटं सूचीचं काम बाजूला ठेवते.

आणखी एक माणूस सांगितल्याशिवाय राहवत नाही, 'आरेवालोचा तरुण' म्हणून ओळखला जातो, खरं नाव माहीत नाही, सोळाव्या शतकाच्या पहिल्या भागातला. हा गावोगाव फिरून म्हाताऱ्या जाणत्या मुसलमानांना भेटायचा, उबेदाची एक नव्वदी ओलांडलेली विदुषी होती तिलाही भेटला, आणि ऐकलेलं सगळं लिहून ठेवायचा, हरवायच्या आत. फार वर्षं लोक त्याला इस्लामी अध्यात्माचा मोठा साक्षीदार म्हणून वाचत होते. मग लक्षात आलं की त्याच्या एका ग्रंथातले उतारेच्या उतारे थॉमस अ केम्पिसच्या 'ख्रिस्तानुकरण' मधून घेतलेले आहेत, येशूचे उल्लेख काढून किंवा बदलून! काही अभ्यासक यावर फार नाराज झाले, चोरी म्हणाले. मला वाटतं तो दुसरं काय करणार होता? आसपास भक्तीची जी भाषा उपलब्ध होती ती ख्रिस्ती होती, मुसलमान म्हणून देवाशी बोलायला त्याने तीच उसनी घेतली. शुद्ध, वेगळी, न मिसळलेली ओळख शोधायला जाणारा माणूस या पोथ्यांत नेहमी तोंडावर पडतो, हे इथे लिहून ठेवते.

छापलं का नाही, हा तुमचा मूळ प्रश्न. याचं उत्तर फार लांबवायची गरज नाही, छापायला टाइप लागतो, परवाना लागतो, दुकान लागतं, आणि यांच्याकडे तिन्ही नव्हतं. पण दुसरी बाजूही आहे. नक्कल करायला एक माणूस, एक दौत आणि रात्र पुरते. आणि नक्कल करणारा प्रत्येक जण ठरवतो, काय ठेवायचं, काय गाळायचं, कुठे समासात 'हे महत्त्वाचं' म्हणून खूण करायची. छापील पुस्तक वाचकाला तयार मिळतं, पोथी दर पिढीला नव्याने घडते. मोराव्हियातल्या हुटराइट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचं बघा, तेही धर्मापायी देशोदेशी फिरले, स्लोव्हाकिया, ट्रान्सिल्व्हेनिया, युक्रेन, शेवटी १८७४ नंतर अमेरिकेत, आणि प्रत्येक वेळी हाताने लिहिलेला आपला इतिहास आणि प्रवचनं सोबत घेऊन. सतराव्या शतकात लिहिलेली ती प्रवचनं त्यांच्याकडे आजही वाचली जातात.

आणि छापील म्हणजे टिकाऊ हाही भ्रमच आहे. याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्याच भाषेत आहे. फादर स्टीफन्सचं 'क्रिस्तपुराण', मराठी ओव्या, रोमन अक्षरात, १६१६ ला गोव्यात राशोलला छापलं, पुढे १६४९ आणि १६५४ ला परत छापलं. त्या तिन्ही आवृत्त्यांची आज एकही प्रत ज्ञात नाही. जे वाचलं ते हाताने उतरवलेलं, आणि ते जपण्यात मोठा वाटा गोवा सोडून मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती घरांचा, जिथे ते वाचलं जात होतं. १९०७ ला मंगळूरला ते पुन्हा छापलं ते हस्तलिखितांवरूनच. लंडनला एक देवनागरी प्रतही आहे. भाषा एकीकडची, अक्षर दुसरीकडचं, हा प्रकार आपल्याला अनोळखी नाही, रोमी कोकणी वाचणाऱ्या कोणालाही विचारा.

आता जो भाग मला सगळ्यात आवडतो तो. हकालपट्टी झाली, लोक ट्युनिसला पोचले. तिथला सत्ताधीश उस्मान ('दे' ही त्याची पदवी) याने त्यांना जागा दिली, जमिनी दिल्या, सिदी अबुल गैस अल कश्शाश नावाच्या संताने गरिबांना आसरा दिला. तेस्तूर सारखी गावं वसली. आता मुसलमानी राज्य, अजान उघड, कसली भीती नाही. तुम्हाला काय वाटेल, आता हे लोक मनसोक्त अरबी अक्षरात लिहायला लागले असतील? नाही! ट्युनिसमध्ये त्यांनी अरबी अक्षर सोडून दिलं आणि स्पॅनिश सरळ लॅटिन अक्षरात लिहायला लागले. ख्रिस्ती देशात जीव धोक्यात घालून जे अक्षर धरून ठेवलं ते मुसलमानी देशात पोचल्यावर सुटलं.

कारण तिथे ते अक्षर काही सांगतच नव्हतं, शेजारीपाजारी सगळेच ते वापरणारे. शिवाय आलेल्यांमध्ये कास्तीलकडचे बरेच, शाळेत लॅटिन अक्षर गिरवलेले, आणि ज्यांच्यासाठी लिहायचं त्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना नमाजाआधी हातपाय धुवायचे, तो वजू, कसा करायचा हे स्पॅनिशमधूनच सांगायला लागणार. म्हणून तिथल्या पोथ्यांत इस्लाम शिकवलाय तो झोकदार कास्तीली भाषेत. तोलेदोचा हुआन पेरेस, ट्युनिसला गेल्यावर इब्राहिम ताइबिली, त्याने १६२८ ला तेस्तूरमध्ये ख्रिस्ती धर्माच्या विरोधात एक लांबलचक काव्य लिहिलं आणि छंद कुठला, तर अष्टपदी ऑक्टावा, स्पेनमधल्या दरबारी कवींचा लाडका. दुसरा एक अनामिक लेखक, माद्रिदला त्याची पोथी आहे, तो देवाचे आभार मानतो की आम्हाला फिरऔनांच्या, म्हणजे जुलमी राजांच्या, तावडीतून सोडवलंस, आणि त्याच पोथीत लग्न, शरीरसुख यावर लिहिताना लोपे दे वेगाची सुनीतं उद्धृत करतो. पाठ असणार त्याला! ज्या देशाने लाथ मारून बाहेर काढलं त्या देशाचा चालू काळातला हिट कवी. स्थानिक लोक यांना 'अंदलूसी' म्हणायचे, आणि स्पेनमध्ये मुसलमान म्हणून हिणवलेले हे लोक इथे जरा स्पॅनिशच वाटायचे, कपड्यांनी, बोलण्याने, आणि लाल टोप्या, शेशिया, बनवायच्या धंद्यातल्या दबदब्याने.

काही जणांची तर गंमतच. अहमद अल हजरी म्हणून एक होता, स्पेनमध्ये असताना ग्रनादाला सापडलेलं एक जुनं चर्मपत्र वाचायला पाद्र्यांनीच त्याला बोलावलं, आणि याला घाम फुटला, कारण अरबी येतं हे कबूल करणं म्हणजेच गुन्हा. १५९९ ला तो मोरोक्कोला निसटला, सुलतानाचा दुभाषा झाला, पुढे हॉलंडमधल्या लायडनला जाऊन तिथल्या अरबीच्या पंडितांशी बोलून आला, आणि उतारवयात ट्युनिसला. तिथे इब्राहिम गानिम नावाचा एक मोरिस्को तोफखान्याचा माणूस होता, तरुणपणी स्पॅनिश जहाजांवर फिरून तोफा शिकलेला. त्याने तोफांवर ग्रंथ लिहिला, ख्रिस्त्यांशी लढणाऱ्या मुसलमानांच्या उपयोगासाठी, आणि तो लिहिला स्पॅनिशमध्ये, कारण अरबीत लिहायला येत नव्हतं. १६३८ ला अल हजरीने तो अरबीत आणला. ज्या भाषेची भीती वाटायची त्याच भाषेत, आता उघडपणे, बसून.

तुम्ही शेवटी विचारलं होतं की स्वतः बघायचं तर सुरुवात कुठून करू. माद्रिदच्या बऱ्याच पोथ्यांची पानं ऑनलाइन चढवलेली आहेत, उर्दू वाचता येत असेल तर अक्षर आठवड्याभरात बसतं. एकच सांगते, आधी मजकुराकडे जाऊ नका. कागद बघा, तो साधा बाजारी स्पॅनिश कागद आहे, उजेडासमोर धरला तर गिरणीची खूण दिसते, तीच जी शेजारच्या नोटरीच्या दस्तात दिसेल. बांधणी बघा, पुठ्ठ्याच्या आत काय कोंबलंय ते बघा, कोपऱ्यावर बोटांचे डाग कुठल्या पानाला जास्त आहेत ते बघा, बहुतेकदा ते प्रार्थनेच्या पानाला असतात आणि तापाच्या ताइताच्या पानाला. मग वाचायला घ्या, आणि 'ब' वर तश्दीद दिसली की 'प' म्हणा, तेवढ्यावर माझी ती पहिली दहा मिनिटं तरी तुमची वाचतील.